नव्या करारातले दूध : पौलाचे, पेत्राचे आणि बाप्तिस्म्यानंतरच्या प्याल्यातले

कोइने

बायबलवर्गांत दुधाविषयी बहुधा एकच वाक्य ऐकू येते : दूध म्हणजे सुरुवातीची शिकवण, जड अन्न म्हणजे सखोल शिकवण, तेव्हा लवकर दूध सोडा आणि मोठे व्हा. पौलापुरते आणि इब्री लोकांस पत्रापुरते हे चालते. पेत्राला लावले की वचनाचा अर्थच उलटा होतो. शिवाय पहिल्या चार-पाच शतकांतल्या ख्रिस्ती लोकांनी दुधाविषयी केवढा विचार केला होता, तो सगळा नजरेआड जातो. त्यासाठी हा धागा.

ग्रीक शब्द 'गाला', षष्ठीत 'गालाक्तॉस'. बायबलमधल्या मूळ शब्दांच्या स्ट्राँगच्या शब्दसूचीत क्रमांक १०५१. नव्या करारात तो फक्त पाच वेळा येतो : १ करिंथ ३:२ आणि ९:७, इब्री ५:१२ आणि ५:१३, १ पेत्र २:२. पाचही जागा एका बैठकीत वाचून होतात, पण प्रत्येक ठिकाणी आधीच्या आणि नंतरच्या पाच-सहा ओळी सोबत घ्याव्या लागतात.

१ करिंथ ३:२ मध्ये 'गाला हुमास एपोतिसा, ऊ ब्रोमा' असे आहे. मी तुम्हांला दूध पाजले, अन्न नाही. क्रियापद एकच, 'पोतिझो', म्हणजे पाजणे, आणि ग्रीकमध्ये ते अन्नालाही तसेच जोडलेले आहे. हेच क्रियापद चार ओळी खाली ३:६ मध्ये पुन्हा येते : मी लावले, अपुल्लोसाने पाणी घातले. बाळाला पाजणे आणि रोपाला पाणी देणे दोन्ही 'पोतिझो'. पुढे १२:१३ मध्ये एका आत्म्याचे पान करवले जाते, तेही याच क्रियापदाने. म्हणजे पौलाचे दूध सुटे उदाहरण म्हणून येत नाही. ते 'पाजणारे अनेक, वाढवणारा देव एक' या पूर्ण प्रकरणाच्या युक्तिवादात बसवलेले आहे.

करिंथकरांना पौल बाळ का म्हणतो, तेही वचनातच आहे. त्यांना माहिती कमी होती असे तो कुठेच म्हणत नाही. उलट १:५ मध्ये ते सर्व ज्ञानाने संपन्न झाले आहेत असे म्हणतो. ३:३ आणि ३:४ मध्ये कारण येते : हेवा, कलह, 'मी पौलाचा', 'मी अपुल्लोसाचा'. गटबाजी हाच बाळपणाचा पुरावा. वर्गात हे हटकून वगळले जाते आणि दूध म्हणजे 'सोपे धडे' एवढेच उरते.

९:७ मधले दूध खरेखुरे आहे. कळप राखणारा त्याच्या दुधातले खात नाही काय, हा मेहनतान्याचा मुद्दा. क्रियापद 'खाणे' आहे. कळपाच्या दुधाचे दही-चीज करून खात, त्यामुळे ते अगदी स्वाभाविक आहे.

इब्री ५:१२-१४ मध्ये मात्र शाळेची भाषा आहे. आतापर्यंत तुम्ही शिक्षक व्हायला हवे होते, पण पुन्हा मुळाक्षरांपासून शिकवावे लागते आहे. दुधासमोर तिथे 'स्तेरेआ त्रोफे', घट्ट अन्न. आणि दूध म्हणजे नेमके काय, याची यादी लगेच ६:१-२ मध्ये दिली आहे : निर्जीव कृत्यांचा पश्चात्ताप, देवावरचा विश्वास, बाप्तिस्म्यांची शिकवण, हात ठेवणे, मृतांचे पुनरुत्थान, सार्वकालिक न्याय. सहा बाबी. पुनरुत्थान हे दुधात मोडते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

१ पेत्र २:२ मध्ये दुधासमोर कोणतेही अन्न उभे केलेले नाही. नुकत्याच जन्मलेल्या बाळांसारखी त्या दुधाची ओढ धरा, म्हणजे त्याने तुम्ही तारणापर्यंत वाढाल. दूध सोडण्याचा शब्दही नाही.

---

आडवाट

उत्तम धागा. पेत्राच्या वचनातल्या दोन विशेषणांवर अडखळायला होते : 'लोगिकॉन' आणि 'आदोलॉन'. भाषांतरांत कुठे 'आध्यात्मिक', कुठे 'वचनरूपी' असे दिसते. ग्रीकनुसार काय योग्य?

---

कोइने

आडवाट, 'लोगिकॉस' नव्या करारात दोनदाच आहे, इथे आणि रोम १२:१ मध्ये. रोमच्या वचनात 'लोगिकॉस उपासना' म्हणजे बुद्धीने, अंतःकरणाने केलेली, पशुबळीची नव्हे. जेरोमच्या लॅटिन बायबलच्या परंपरेत इथे 'रात्सिओनाबिले' (बुद्धीला धरून) आहे, तेही याच दिशेने. निव्वळ व्याकरणाने 'वचनाचे दूध' निघत नाही. पण १:२३ मध्ये 'देवाच्या जिवंत लोगॉसने (शब्दाने, वचनाने) तुमचा पुन्हा जन्म झाला' असे आधीच सांगून झाले आहे आणि तो दुवा वाचकाच्या कानात असतो. म्हणून मी 'आध्यात्मिक' घेईन आणि वचनाशी असलेला संबंध टिपेत सांगेन. थेट 'वचनरूपी' छापले की वाचक ते छापील बायबलपुरतेच समजतो. पेत्राच्या नजरेसमोर १:२५ मधली 'तुम्हांला सांगितली गेलेली सुवार्ता' होती.

'आदोलॉस' जास्त रंजक आहे. हा बाजारातला शब्द. इजिप्तमधल्या ग्रीक पपायरसांवर जमिनीचा खंड आणि धान्याचे कर्ज यांचे करार आहेत, त्यांत गव्हाचे वर्णन ठरलेल्या साच्यात येते : नवा, स्वच्छ, 'आदोलॉस', आणि ज्यात बार्ली मिसळलेली नाही असा. म्हणजे भेसळ नसलेला. आणि लगेच आधीच्या ओळीत, २:१ मध्ये, पेत्र सांगतो की सगळा 'दोलॉस', म्हणजे कपट, टाकून द्या. कपट टाका आणि निर्भेळ दूध मागा, ही जोडी ग्रीक ऐकणाऱ्याला आपोआप ऐकू येई.

पुढची ओळही सोडू नका. २:३ मध्ये स्तोत्र ३४:८ ची आठवण आहे : प्रभू 'ख्रेस्तॉस' आहे हे तुम्ही चाखले असेल तर. ख्रेस्तॉस म्हणजे चांगला, गोड. त्या काळच्या उच्चारात ते 'ख्रिस्तॉस'च्या इतके जवळ गेले होते की पेत्राच्या पत्रांची अतिशय जुनी प्रत असलेल्या पपायरस ७२ मध्ये या जागी चक्क 'ख्रिस्त' असेच लिहिले आहे. मग चाखायचे कोणाला, आणि दूध कोण? दुसऱ्या शतकातला ख्रिस्ती लेखक क्लेमेंट, त्याचे अख्खे प्रकरण इथूनच सुरू होते. त्यावर सवडीने लिहितो.

एक पाठभेद : 'तारणापर्यंत' हे शब्द जुन्या हस्तलिखितांत आहेत, नंतरच्या बायझंटाइन पाठात नाहीत. म्हणून किंग जेम्स भाषांतरात ते सापडत नाहीत.

---

वैद्यकविचार

वैद्यकाच्या बाजूने भर घालते, कारण त्याशिवाय चर्चपित्यांचे, म्हणजे पहिल्या शतकांतल्या ख्रिस्ती लेखकांचे, म्हणणे आज विचित्र वाटते.

ॲरिस्टॉटलपासून वैद्य गॅलेनपर्यंत सर्वमान्य समज असा : दूध म्हणजे शरीरातल्या उष्णतेने पक्व झालेले रक्त. गर्भाशयात बाळ ज्या रक्तावर वाढते तेच रक्त बाळंतपणानंतर स्तनांकडे वळते आणि पांढरे होते. स्तनपान चालू असताना पाळी बहुधा थांबते, हा त्यांना त्याचा धडधडीत पुरावा वाटे. आजच्या शरीरशास्त्रात हे टिकत नाही, पण त्या काळच्या शिकलेल्या माणसासाठी 'ख्रिस्ताचे रक्त' आणि 'दूध' हे एकाच पदार्थाचे दोन टप्पे होते. हे ध्यानात घेतले तर निम्मे कोडे सुटते.

आता दुधाची पारख. रोममध्ये दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला काम करणाऱ्या सोरानस या वैद्याने दाई निवडताना दूध कसे तपासावे ते लिहून ठेवले आहे. दुधाचा थेंब नखावर किंवा लॉरेलच्या पानावर टाकायचा. तो हळूहळू पसरला पाहिजे. लगेच ओघळला तर दूध पातळ. जागचा हललाच नाही तर फार दाट, पचायला जड. रंग, वास आणि चव वेगळी पाहायची. इजिप्तमधल्या दाईच्या करारांत तर दूध बिघडू न देण्याची अटच असे : करार चालू असताना पुरुषसंबंध नाही, गर्भधारणा नाही, दुसऱ्याचे मूल अंगावर घ्यायचे नाही. 'निर्भेळ दूध' या शब्दांमागे ही रोजची धास्ती होती. दूध खराब म्हणजे मूल दगावणार.

दूध सोडवणे : सोरानसच्या मते दीड ते दोन वर्षे, दात आल्यावर, हळूहळू. दुधात भिजवलेला पावाचा चुरा हा मधला टप्पा. म्हणजे दूध आणि घट्ट अन्न यांच्यात लख्ख रेघ नव्हती. त्याआधीच घाईने धान्य भरवणाऱ्यांना तो दोष देतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचे : नवजात बाळाला तो आधी मध द्यायला सांगतो. मध थोडा उकळून, बोटाने तोंडाला लावून, मग कोमट मधपाणी थेंबथेंब. दूध त्यानंतर. आपल्याकडे जातकर्मात मध-तूप चाटवतात, तसाच हा पहिला घास. (आज कृपया हे करू नये. एक वर्षाखालच्या बाळाला मधातून बोट्युलिझम होऊ शकतो.)

---

निर्मळकर

वैद्यकविचार, मधाचा तुमचा मुद्दा थेट बर्नबाच्या नावाने असलेल्या पत्रात सापडतो. सहाव्या अध्यायात दुधामधाच्या देशाचा अर्थ सांगताना लेखक म्हणतो की बाळ आधी मधाने जगवले जाते आणि मग दुधाने. तसेच आपण वचनावरच्या विश्वासाने आणि शब्दाने जगतो. आधी मध, मग दूध, हा क्रम सोरानसचाच.

आता प्रत्यक्ष विधी. आमच्या कॅथलिक मराठीत स्नानसंस्कार म्हणतात, इथे सगळ्यांना कळावे म्हणून बाप्तिस्मा म्हणतो.

हिप्पोलितसच्या नावावर चालणाऱ्या 'प्रेषितीय परंपरा' या ग्रंथात क्रम सविस्तर आहे. (कर्ता आणि काळ यांवर वाद आहे. मूळ ग्रीक जवळपास हरवले आहे, लॅटिन, कॉप्टिक, अरबी आणि इथिओपियन भाषांतरांवरून पाठ जुळवला जातो.) बाप्तिस्मा आणि तेलाचा अभ्यंग झाल्यावर नवदीक्षित पहिल्यांदाच युखरिस्ताला, म्हणजे प्रभुभोजनाला, येतात. बिशप भाकरीवर आणि द्राक्षारसावर उपकारस्तुती करतो. मग दूध आणि मध एकत्र केलेल्या प्याल्यावर, पूर्वजांना दिलेल्या वचनाची पूर्तता म्हणून. मग पाण्यावर, स्नानाची खूण म्हणून. आधी भाकरी दिली जाते. नंतर तीन प्याले ओळीने : पाणी, दूध-मध, द्राक्षारस. तिन्हींतून प्रत्येकाने चाखायचे. दूध किती आणि मध किती, हे प्रमाण दिलेले नाही. इंटरनेटवर कुणी प्रमाण सांगत असेल तर ते त्याचे स्वतःचे.

उत्तर आफ्रिकेतला ख्रिस्ती लेखक तेर्तुलियनही हेच सांगतो : पाण्यातून वर आल्यावर दूध आणि मध यांचे मिश्रण चाखतो आणि त्या दिवसापासून आठवडाभर रोजचे स्नान टाळतो. तो हे सगळ्यांना माहीत असलेली रूढी म्हणून सांगतो, त्यामुळे तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला ती मुरलेली होती हे नक्की.

---

मृगजळ

'दुधामधाचा देश' आला आहे तर सेप्टुअजिंटमध्ये, म्हणजे जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात, दूध कसे हलते ते पाहू.

हिब्रूत 'हालाव' म्हणजे दूध (स्ट्राँग २४६१) आणि 'हेलेव' म्हणजे चरबी (२४५९). दोन्हींची व्यंजने तीच : हेथ, लामेद, बेथ. जुन्या हिब्रू लेखनात स्वरचिन्हे नसत, वाचणारा संदर्भावरून स्वर भरी. यशया ५५:१ मध्ये आपण वाचतो : या, पैशाविना द्राक्षारस आणि दूध विकत घ्या. ग्रीक भाषांतरकाराने तिथे 'हेलेव' वाचले, म्हणून सेप्टुअजिंटमध्ये द्राक्षारस आणि 'स्तेआर', म्हणजे चरबी आहे. ग्रीक बायबलवर वाढलेल्या चर्चपित्यांच्या हाताशी या वचनात दूध नव्हतेच. दूध आणि द्राक्षारस एकत्र आणणारे हे सर्वात सोयीचे वचन ग्रीक लेखकांच्या दुधाच्या चर्चेत शोधायला जाल तर म्हणूनच निराशा होईल.

गीतरत्न १:२ मध्ये उलट फायदा झाला. हिब्रू पारंपरिक वाचन 'तुझे प्रेम द्राक्षारसाहून उत्तम'. तीच व्यंजने वेगळ्या स्वरांनी वाचून ग्रीकमध्ये 'तुझे स्तन द्राक्षारसाहून उत्तम' झाले. लॅटिनमध्येही ते तसेच उतरले. ओरिगेनपासून बाराव्या शतकातल्या क्लेर्वोच्या बर्नार्डपर्यंत ख्रिस्ताच्या स्तनांतून पाझरणाऱ्या शिकवणीवर जे लिहिले गेले, त्याच्या मुळाशी हे वाचन आहे. त्या लेखकांनी उगीच कल्पना लढवली असे म्हणणारे हे विसरतात की त्यांच्या पोथीत तो शब्द होता.

एक छोटी खबरदारी. 'हेमा' (२५२९), म्हणजे दही किंवा लोणी, याला सेप्टुअजिंटमध्ये 'बूतिरॉन' येते. अब्राहाम पाहुण्यांना देतो ते (उत्पत्ती १८:८) 'बूतिरॉन आणि गाला', आणि यशया ७:१५ मधले इम्मानुएलचे अन्न 'बूतिरॉन आणि मध'. म्हणून नुसता 'गाला' शोधून जुन्या करारातले सगळे दूधदुभते हाती लागत नाही.

---

दवबिंदू

हुतात्मा पर्पेतुआचा उल्लेख हवाच. कार्थेज, इसवी सन २०३. वय बावीसच्या आसपास, अंगावर पिणारे मूल, बाप्तिस्मा कैदेचा पहारा असतानाच झालेला. तिच्या पहिल्या दर्शनात ती शिडी चढून एका विस्तीर्ण बागेत पोहोचते. मध्ये मेंढपाळाच्या वेशातला पांढऱ्या केसांचा उंच पुरुष मेंढ्या दोहत बसला आहे. तो तिला दोहलेल्यातला चीजचा घास देतो, ती हात जोडून ओंजळीत घेते आणि खाते, भोवतीचे सगळे 'आमेन' म्हणतात. जाग आल्यावरही तोंडात गोड चव असते.

ओंजळीत घेणे आणि 'आमेन' हे युखरिस्ताचे आहे, दूध नवदीक्षितांच्या प्याल्यातले. आणि दोहताना दूध निघते, हातात मात्र चीज येते. ईयोब १०:१० मध्येही हेच आहे : मला दुधासारखे ओतलेस आणि चीजसारखे घट्ट केलेस. त्याच वृत्तांतात तिच्यासोबतची कैदी फेलिसिता नुकती बाळंत होऊन आखाड्यात आणली जाते तेव्हा तिच्या स्तनांतून दूध ठिबकत असते. लेखकाने ते लपवलेले नाही, आणि ते पाहून जमाव शहारला हेही लिहिले आहे.

---

कोइने

आता क्लेमेंट. अलेक्झांड्रिया, दुसऱ्या शतकाची अखेर. काही ज्ञानवादी गट (गुप्त ज्ञानाने तारण मिळते असे मानणारे) १ करिंथ ३:२ हाती धरून म्हणत : साधे विश्वासू हे दूधवाले, आम्ही अन्नवाले. क्लेमेंटचे उत्तर तीन पायऱ्यांचे आहे आणि तिसरी पायरी वैद्यकविचार यांनी सांगितलेल्या शरीरशास्त्रावर उभी आहे.

पहिली : बाप्तिस्म्यात मिळते ते अपुरे नसते, म्हणून 'बाळ' हे विश्वासूंचे हिणवणे नाही. 'नेपिऑस' (बाळ) हा शब्द तो 'एपिऑस' (सौम्य) याच्याशी जोडतो. व्युत्पत्ती म्हणून हे टिकत नाही, पण १ थेस्स २:७ ची हस्तलिखिते याच दोन शब्दांत विभागली आहेत. काहींत 'आम्ही तुमच्यामध्ये बाळे झालो', काहींत 'सौम्य झालो'. आधीचा शब्द 'न्'ने संपतो, त्यामुळे एक अक्षर वाढले किंवा गळले.

दुसरी : दूध आणि अन्न हे वेगवेगळे पदार्थ नाहीत. एकच पोषण, कधी पातळ, कधी घट्ट.

तिसरी : दूध हे रक्तच. म्हणून 'माझे रक्त प्या' म्हणणारा आणि दूध पाजणारा एकच. ख्रिस्त हेच दूध, आणि ते पित्याच्या छातीतून येते. सर्व द्रवांत दुधाचे पाण्याशी विशेष जमते, तसे शब्दाचे बाप्तिस्म्याशी, असेही तो म्हणतो.

त्याच्या थोडे आधी, साधारण १८० च्या सुमारास, ल्योंचा इरेनियस वेगळ्या वाटेने तिथेच येतो. देव सुरुवातीलाच पूर्णत्व देऊ शकत होता, पण नवजात मानवाला ते घेता आले नसते. आई तान्ह्याला घट्ट अन्न देऊ शकते, तान्हे ते घेऊ शकत नाही. म्हणून पूर्ण भाकरी असलेल्याने स्वतःला दुधाच्या रूपात दिले, आणि ते त्याचे देहधारण. अशक्ती बाळाकडे आहे, कंजूषपणा आईकडे नाही; हा इरेनियसचा मुद्दा मला या विषयातला सर्वात सकस वाटतो.

ऑगस्टीन तेच नेमके करतो : आई स्वतः भाकरी खाते, बाळ ती खाऊ शकत नाही, म्हणून ती भाकरी आपल्या देहातून नेऊन दूध करून देते. शब्द देह झाला तो असा.

---

आडवाट

'शलमोनाच्या ओड्स' या प्राचीन ख्रिस्ती गीतसंग्रहातले एकोणिसावे गीत या रांगेत कसे बसवायचे? तिथे पुत्र हा प्याला, पिता दोहला जाणारा आणि पवित्र आत्मा दोहणारी. अनेकांना ते सहन होत नाही.

---

मृगजळ

आडवाट, ते सिरियाकमध्ये (अरामीची एक बोली) टिकले आहे, आणि सिरियाकमध्ये 'रूहा', म्हणजे आत्मा, स्त्रीलिंगी आहे. जुन्या सिरियाक लेखनात आत्म्याला स्त्रीलिंगी क्रियापद सहज लागते. एवढे धरून वाचले तर धक्का कमी बसतो. बाकी पित्याची छाती क्लेमेंटकडेही आहेच.

---

निर्मळकर

विधी पुढे का थांबला, तेही लिहून ठेवतो.

आफ्रिकेत ३९३ च्या हिप्पोच्या आणि ३९७ च्या कार्थेजच्या परिषदेत ठरले की प्रभूच्या देह-रक्ताच्या संस्कारात भाकरी आणि पाणी मिसळलेला द्राक्षारस यापलीकडे काही अर्पण करायचे नाही. दूध-मध वर्षातल्या एका अतिशय मोठ्या दिवशी, 'बाळांच्या रहस्यासाठी', चालेल, पण त्याचा आशीर्वाद वेगळा. बाळे म्हणजे नवदीक्षित, वय काहीही असो. इथे भीती एकच : तीन प्याले शेजारी ठेवले की लोक दुधालाही प्रभूचे रक्त समजतील. क्लेमेंटने जे मुद्दाम जोडले ते विधीत वेगळे ठेवावे लागले.

रोममध्ये ५०० च्या सुमारास योहान नावाचा डीकन एका पत्रात पास्काच्या (पुनरुत्थानाच्या सणाच्या) वेळी पवित्र प्याल्यात दूध आणि मध का घालतात हे समजावतो. म्हणजे तिथे चाल टिकून होती. पूर्वेकडे प्रेषितांच्या नावे चालणाऱ्या नियमांतला तिसरा नियम आणि ६९२ च्या त्रुल्लो परिषदेचा ५७ वा नियम वेदीवर दूध-मध आणायला मनाई करतात.

---

दवबिंदू

बायबलवर्गासाठी एका तासात काय घ्यावे? कोणी क्रम सुचवेल का?

---

कोइने

दवबिंदू, मी असा क्रम घेईन. आधी १ पेत्र १:२३ ते २:३ सलग, मध्ये अध्यायाची रेघ आहे ती दुर्लक्षून. मग १ करिंथ ३:१-९, त्यात पाजणे आणि पाणी घालणे यांवर खूण करून. मग इब्री ५:११ ते ६:२, सहा बाबी फळ्यावर लिहून. पेत्र आधी घेतला की दूध म्हणजे कमीपणा हा समज मुळात बसतच नाही. करिंथ आधी घेतले तर तो काढायलाच अर्धा तास जातो. पर्पेतुआचे दर्शन शेवटी मोठ्याने वाचून दाखवा, पाच मिनिटांत होते.

क्लेमेंट स्वतः वाचायचा असेल तर 'पेदागोगॉस'च्या पहिल्या पुस्तकाचा सहावा अध्याय. तो लांबलचक आहे, परिच्छेद २५ ते ५२. दुधाची चर्चा ३४ पासून पकडा. शरीरशास्त्राचा भाग आला की वैद्यकविचार यांचा प्रतिसाद शेजारी उघडा ठेवा.